साठीला आलेली मॉरिस आणि पत्र्याचा इतिहास

माझी डॉक्टरेट गंजावर आहे. पुण्यात एखाद्या लग्नाच्या पंगतीत हे सांगितलं की शेजारचे काका घास हातात धरून थांबतात आणि विचारतात, "म्हणजे नक्की कशावर?" लोखंड का गंजतं यावर माणसाने चार वर्षं घालवावीत हे त्यांना पटत नाही. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत नखाएवढे पोलादाचे तुकडे खारट पाण्यात बुडवून आलेख काढणाऱ्या मलाही काही संध्याकाळी ते पटत नसे. पण खरं सांगायचं तर त्या चार वर्षांत, आणि नंतरच्या नोकरीतही, गंजलेली वस्तू हातात घेऊन ती *दुरुस्त* करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आणली १९६७ सालच्या एका मॉरिस मायनरने.

मॉरिस मायनर म्हणजे काय ते न पाहिलेल्यांसाठी: आपली अॅम्बेसेडर डोळ्यांसमोर आणा आणि ती धुण्यात आटली अशी कल्पना करा. तेच गोल खांदे, तेच फुगीर मडगार्ड, तोच काहीसा भाबडा चेहरा. नातं नुसतं दिसण्याचं नाही. अॅम्बेसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, आणि त्याच हिंदुस्तान मोटर्सने त्याआधी मायनरसुद्धा 'बेबी हिंदुस्तान' या नावाने भारतात विकली होती. त्यामुळे इथे ऑक्सफर्डजवळच्या एका गावात ती फिक्या हिरव्या रंगाची दोन दारांची गाडी विकायला उभी दिसली, तेव्हा मी इंजिनिअर राहिलो नाही, आजोळच्या टॅक्सीत मागे बसलेला सात वर्षांचा मुलगा झालो. अशा मनःस्थितीत गाडी घेऊ नये. मी घेतली.

रंग चकचकीत होता. घरी आणल्यावर मी फ्रिजवरचं चुंबक घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घातली (हे आधी करायचं असतं). दारांवर ते चिकटलं, बॉनेटवर चिकटलं. डाव्या दाराखाली मात्र टपकन खाली पडलं. तिथे लोखंडच नव्हतं! स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर रंगाखालून गुलाबी पुट्टी निघाली, पुट्टीखाली फायबरग्लास, आणि फायबरग्लासच्या मागे कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. एक बोळा उलगडला. जुन्या गाड्या विक्रीच्या जाहिरातींचं पान होतं ते, आणि जवळजवळ प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी तेच आश्वासन: एमओटी शिल्लक इतके महिने.

बायको चहा घेऊन बाहेर आली होती. तिने त्या भोकातून आत पाहिलं आणि विचारलं, "हा बोल्ट कसला?"

तो तिच्या सीटच्या पट्ट्याचा खालचा बोल्ट होता. इथे गाडी उजव्या हाताची, म्हणजे डावी सीट तिची. बोल्ट शाबूत होता, पण तो ज्या पत्र्यात बसला होता तो हाताने मोडत होता, बिस्किटासारखा.

आता यातली गंमत अशी की या गाडीला कायद्याने कुठल्याही तपासणीची गरज नव्हती. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि फार फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी चाचणी माफ आहे. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "कुणी तपासणार नाही म्हणजे मग कोण तपासणार?"

या प्रश्नाला उत्तर देण्यात माझे सहा महिन्यांचे शनिवार-रविवार गेले. पण त्याआधी एक वेगळाच प्रश्न डोक्यात शिरला. दाराखालच्या पत्र्याला गंज लागला, तर सीटच्या पट्ट्यापर्यंत प्रश्न जातोच कसा? पत्रा म्हणजे वरचं आवरण, आणि खरी ताकद आतल्या सांगाड्यात, अशीच आपली समजूत असते. ही समजूत एके काळी अगदी बरोबर होती.

सुरुवातीच्या मोटारी बैलगाडीच्या तत्त्वावर बांधलेल्या होत्या. खाली पोलादाच्या दोन जाड तुळया, त्यावर इंजिन, चाकं, स्प्रिंगा; आणि हे सगळं झाल्यावर वर माणसं बसायला पेटारा. तो पेटारा सुतारकामाचा असे, अॅश नावाच्या चिवट लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. पत्रा गंजला तर गाडी कुरूप दिसे, मोडून पडत नसे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने आणि त्याचा अभियंता जोसेफ लेडविंका याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लाकूड काढून टाकलं आणि दाबयंत्रात ठोकून काढलेल्या पत्र्यांचे तुकडे एकमेकांना वेल्ड करून पूर्ण पोलादी बॉडी बनवली. लाकडाला रंग वाळायला दिवसच्या दिवस लागत. पोलादाची बॉडी भट्टीत घालून रंग भाजता येई. विल्यम मॉरिस हा माणूस सायकल दुरुस्तीपासून सुरू करून ऑक्सफर्डच्या काउली भागात मोटारींचा कारखानदार झालेला. त्याने बडच्या कंपनीशी भागीदारी करून १९२६ साली काउलीतच 'प्रेस्ड स्टील' ही कंपनी उभी केली. आज त्या परिसरात बीएमडब्ल्यूचा मिनीचा कारखाना आहे.

पुढची पायरी आमच्या कथेसाठी महत्त्वाची. बॉडी जर पुरेशी मजबूत आहे तर खालच्या तुळया हव्यात कशाला? मडक्याला कुठे आत सांगाडा असतो? त्याचा आकार हीच त्याची ताकद. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये सिट्रोएनने, १९३५ मध्ये जर्मनीत ओपेलने, १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉलने अशा बिनचासीच्या गाड्या आणल्या. मॉरिसने १९३८ मध्ये. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, ठाशीव झाली. एक गोष्ट मात्र या हिशेबात कुणी धरली नाही. आता पत्रा हीच चासी होती, आणि तुळईच्या चार-पाच मिलिमीटर जाडीचं काम एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा करत होता. गंजाच्या दृष्टीने पाहिलं तर मधली सगळी शिल्लक काढून घेतलेली!

मायनर ही याच पद्धतीची. अलेक इसिगोनिस याने ती युद्धाच्या काळात 'मॉस्किटो' या सांकेतिक नावाने आखायला घेतली आणि १९४८ च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. तिच्या जन्माचा एक किस्सा मला फार आवडतो. गाडी जवळजवळ तयार होती, साचे ठरले होते, आणि इसिगोनिसला एकदम वाटलं की ही फार अरुंद आहे. त्याने नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली आणि दोन अर्धी एकमेकांपासून सरकवत गेला. चार इंच अंतर झाल्यावर त्याचं समाधान झालं. म्हणून मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक सपाट पट्टी आहे. बंपर आधीच बनून पडले होते, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधे कापून चार इंचांचा तुकडा जोडलेला सापडतो. म्हणजे कापून ठिगळ लावायची परंपरा थेट निर्मात्यापासूनची आहे, हे मी बायकोला त्या दिवशी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मालक मॉरिस, तोवर लॉर्ड नफील्ड झालेला, या गाडीला 'पोच्ड एग'ची, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेल्या अंड्याची उपमा देऊन हिणवत असे. अंडं खपलं मात्र जोरात. दहा लाख खपलेली ही पहिली ब्रिटिश मोटार. त्या आनंदात सुमारे साडेतीनशे गाड्या फिक्या जांभळ्या रंगात काढल्या होत्या. १९७१ पर्यंत एकूण सोळा लाखांहून जास्त झाल्या.

या सगळ्या गाड्यांच्या दाराखालून एक लांब पोकळ पेटी जाते. इथे तिला 'सिल' म्हणतात. बाहेरची कातडी, आतली भिंत आणि मधला पडदा अशा पातळ पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून ठिपके-वेल्डिंग केलेलं. पुढचं चाक आणि मागचं चाक यांच्यामध्ये गाडी वाकत नाही ती या पेटीमुळे. आणि गंजाला राहायला याहून चांगली खोली मिळणार नाही.

का, ते केंब्रिजच्या युलिक इव्हान्सने १९२० च्या दशकात दाखवलं. प्रयोग इतका साधा आहे की शाळेत करता येईल. स्वच्छ लोखंडावर खारट पाण्याचा एक थेंब ठेवायचा. आपल्याला वाटेल की जिथे हवा जास्त मिळते त्या कडेला लोखंड खाल्लं जाईल. होतं उलटं. थेंबाच्या मध्यभागी, जिथे प्राणवायू कमीत कमी पोचतो, तिथे लोखंड विरघळतं. कडेच्या भागाला भरपूर प्राणवायू असतो, तो तिथल्या लोखंडाला वाचवतो आणि मध्यभागाला बळी देतो. एकाच थेंबात चिमुकली बॅटरी तयार होते. तांबूस गंज मात्र या दोन्हींच्या मधल्या वर्तुळात साचतो, म्हणजे जखम एकीकडे आणि खपली दुसरीकडे. आता थेंबाच्या जागी दोन पत्र्यांमधली केसाएवढी फट घ्या. रंगाच्या बुडवणीत या फटीत रंग शिरत नाही, पाणी मात्र शिरतं आणि वाळत नाही. आतला गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे तो पाचरीसारखा कडा उचकटतो आणि आणखी पाण्याला वाट करून देतो. बाहेरून रंगावर चण्याएवढा फुगा दिसतो तेव्हा आतला कारभार आटोपलेला असतो.

यात मीठ घाला. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खनिज मीठ पसरतात. त्यातलं पुष्कळसं चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं, तपकिरी रंगाचं. मिठामुळे पाण्याची वीज वाहण्याची क्षमता वाढते आणि त्या चिमुकल्या बॅटऱ्या जोमाने चालतात. मुंबईच्या समुद्रकाठच्या खिडक्यांचे गज जे वर्षानुवर्षं भोगतात ते इथल्या गाड्या डिसेंबर ते मार्च भोगतात. माझ्या गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा जास्त खाल्लेली होती. इथे वाहतूक डावीकडून, आणि खारट चिखल साचतो तो रस्त्याच्या डाव्या कडेला.

मग एमओटी. आपल्याकडच्या आरटीओ पासिंगसारखा हा प्रकार. नाव 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट'चं. ते मंत्रालय त्या नावाने राहिलं नाही तरी चाचणी त्याच नावाने चालू आहे. अर्नेस्ट मार्पल्स वाहतूक मंत्री असताना सप्टेंबर १९६० मध्ये ती सुरू झाली आणि फेब्रुवारी १९६१ पासून दहा वर्षांवरच्या गाड्यांना सक्तीची झाली. नापास होणाऱ्यांची संख्या अशी निघाली की त्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आणली, आणि १९६७ पासून तीन वर्षांवर. पण लक्षात घ्या, सुरुवातीला तपासत होते ते ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. पत्र्याकडे बघायचं कुणाच्या मनातही नव्हतं, कारण पत्रा म्हणजे आवरण ही बैलगाडीच्या काळातली समजूत सरकारी डोक्यात अजून शाबूत होती! बॉडीचा सांगाडा आणि चासी यांची स्थिती चाचणीत आली ती १९७७ साली. बिनचासीच्या गाड्या ब्रिटनमध्ये येऊन तोवर चाळीस वर्षं झाली होती.

या उशिराचं मला राहून राहून नवल वाटतं, कारण माहिती नव्हती असं नाही. सरकारनेच टी. पी. होर या केंब्रिजच्याच शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७१ मध्ये आला. गंजामुळे देशाचं वर्षाला १३६५ दशलक्ष पौंडांचं नुकसान होतं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे साडेतीन टक्के, आणि त्यातले ३१० दशलक्ष निव्वळ *आहे तेच ज्ञान वापरून* वाचवता येतील, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या क्षेत्रात हा अहवाल पोथीसारखा मानतात. मी शिकलो ते मँचेस्टरचं गंजविज्ञान केंद्र १९७२ मधलं, याच वातावरणातलं. पण गाड्यांचे कारखानदार हलले ते लाज वाटल्यावर. १९८० साली लान्चिया बीटा या गाडीच्या इंजिनाला आधार देणारा भागच गंजतो असं निघालं, ब्रिटिश वर्तमानपत्रांनी धरून झोडपलं, आणि कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. त्या काळातल्या इटालियन गाड्या रशियन पोलादामुळे गंजल्या अशी एक दंतकथा इथे चवीने सांगतात. मला विचाराल तर फटी, पाणी साचणारे कोपरे आणि कच्चा रंग एवढं कारण पुरतं, रशियापर्यंत जायची गरज नाही. पोर्शने १९७६ मध्ये ९११ ला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला. त्याच सुमारास बॉडी विजेच्या साहाय्याने रंगात बुडवायची नवी पद्धत आली, जिच्यात रंग पोकळ्यांच्या आतपर्यंत ओढला जातो. आज दहा वर्षांच्या गाडीला गंज दिसत नाही तो यामुळे.

तर १९७७ नंतर हजारो ब्रिटिश घरांपुढे माझ्यासारखाच प्रश्न उभा राहिला. गाडी चालते, पण परीक्षक खालून टोचणार. यातून दोन पंथ निघाले. एक पंथ वेल्डिंग शिकला. दुसऱ्याने वर्तमानपत्राचे बोळे आणि पुट्टी हा मार्ग धरला, आणि माझ्या गाडीचा कुणी तरी पूर्वीचा मालक त्या पंथातला होता.

पुट्टीवर मात्र सगळा दोष टाकता येत नाही, हे मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं. वय ऐंशीच्या पुढे, उमेदीची वर्षं मोटारींच्या बॉडीवर 'लेड लोडिंग' करण्यात गेलेली. पॉलिएस्टरची पुट्टी १९५० च्या दशकात अमेरिकेत आली, त्याआधी कारखान्यातसुद्धा दोन पत्र्यांचा जोड लपवायला शिशाचा भराव घालत. आजोबांनी गॅरेजमधून त्यांची जुनी लाकडी फळी काढली आणि मला करून दाखवलं. आधी पत्रा लख्ख घासायचा, त्यावर फ्लक्स, मग ज्योतीने तापवून कथलाचा पातळ थर कापडाने पुसत पसरवायचा. पांढरी चमक पत्र्यावर धावत गेली आणि मी नकळत मराठीत म्हणालो, "अहो, ही तर कल्हई!"

त्यांना कल्हई समजावून सांगायला अर्धा तास लागला. वाड्याच्या अंगणात खड्डा करून पेटवलेली भट्टी, भाता, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, कापसाच्या बोळ्याचा एक फेर आणि पातेलं आतून चांदीचं. नवसागराचं नाव रसायनाच्या भाषेत सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या फ्लक्सच्या डब्यावर जस्ताच्या क्लोराईडचं नाव होतं, म्हणजे तत्त्व तेच. कथलाच्या थरावर मग शिसं-कथलाची कांडी मऊ करून चरबी लावलेल्या लाकडी फळीने लोण्यासारखी लिंपायची. पुट्टी पाणी पिते, हे पीत नाही. पण त्याची किंमतही त्यांनी सांगितली. घासताना उडणारी शिशाची धूळ, त्यासाठी वेगळी बंद खोली, तोंडावर हवेची नळी लावलेला मुखवटा, आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. "पुट्टी आली तेव्हा आम्हाला वाईट वाटलं नाही," ते म्हणाले. "पुट्टी खळग्यात भरायची असते. भोकात नाही."

माझी भोकं पुट्टीची नव्हती, नव्या पत्र्याची होती. तो पत्रा कुठून येतो याचीही एक गोष्ट आहे. बाथ शहरात चार्ल्स वेअर नावाच्या गृहस्थाने १९७६ साली मॉरिस मायनरच्या दुरुस्तीचं केंद्र काढलं. दर काही वर्षांनी नवी गाडी घेऊन तिच्या घसरत्या किमतीत पैसे बुडवण्यापेक्षा एकच गाडी सतत दुरुस्त करत वापरणं स्वस्त आहे, असा त्याचा सिद्धान्त, आणि त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. सुटे पत्रे मिळेनात तेव्हा त्याने १९९० च्या दशकात श्रीलंकेत ते बनवायची सोय केली. तिथे मायनर रस्त्यावर होत्या आणि हाताने पत्रा घडवणारे कारागीरही. म्हणजे इंग्रजांनी काउलीत साचे मोडीत काढल्यावर मायनरचे गाल लंकेत घडत होते. एमजीबी या दिमाखदार स्पोर्ट्स गाडीचं भाग्य वेगळं: तिचे मूळ साचे शोधून १९८८ पासून अख्खी नवी बॉडीच पुन्हा बनू लागली. मायनरवाल्यांना तुकड्या-तुकड्यांनी जगावं लागतं.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात वीरश्री कमी आणि खरडपट्टी जास्त. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली. तसं न करता सिल कापली तर गाडी मधे बसते आणि नवी सिल त्या वाकड्या अवस्थेतच कायमची जोडली जाते. नंतर दार लागत नाही. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली. मग ग्राइंडरने, गंज संपून पांढरं लोखंड लागेपर्यंत कापत गेलो. हे 'पर्यंत' फार फसवं असतं. मी खडूने आखलेली रेघ तीनदा पुढे सरकवली. शिंपी जुन्या धोतराला ठिगळ लावताना विरलेला भाग सोडून घट्ट विणीपर्यंत जातो, तसंच हे. पुठ्ठ्याचे नमुने कापायचे, त्यावरून वीस गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा पत्रा.

वेल्डिंगचं यंत्र घरगुती मिग. ही यंत्रं १९८० च्या दशकात घराच्या विजेवर चालण्याइतकी लहान आणि स्वस्त झाली, नाहीतर त्याआधी गॅसची ज्योत आणि पत्र्याचा पापड. माझ्या पहिल्या दहा प्रयत्नांत मी होती त्यापेक्षा जास्त भोकं पाडली. ०.६ ची तार, एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग पुन्हा मधे, पत्रा गार होऊ देत देत. ओळीने टाके घातले की उष्णतेने पत्रा लाटेसारखा फुगतो हे मला समीकरणातून ठाऊक होतं. तरी एकदा करून पाहिलं, आणि ती लाट अजून मागच्या चाकाजवळ हाताला लागते. जिथे कारखान्यात ठिपके-वेल्डिंग होतं तिथे वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती धातूने भरली. पट्ट्याच्या बोल्टभोवती सगळीकडून अखंड शिवण घातली. एमओटीच्या नियमात पट्ट्याच्या जोडापासून तीस सेंटिमीटरच्या आत गंज चालत नाही, तेव्हा टेप लावून तीस मोजले आणि पाच जास्त घेतले. मिटणाऱ्या कडांमध्ये जस्ताचा प्रायमर, शिवणींवर सीलर, आणि शेवटी पोकळीत मेण. मेणाचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून पातळ करायचा आणि लांब नळीने आत फवारायचा. सिलच्या खालच्या छिद्रांतून ते ठिबकायला लागलं तेव्हा मी अंगणात आडवा पडून ते थेंब बघत होतो. इव्हान्सच्या थेंबाला आता तिथे शिरता येणार नव्हतं.

एप्रिलमध्ये गाडी चाचणीला नेली. सक्ती नव्हती, पण हवी त्याला पैसे भरून चाचणी करून घेता येते. परीक्षक पन्नाशीचा, अबोल. गाडी वर उचलली गेली. त्याच्या हातात एक छोटी बोथट हातोडी असते. तिने तो पत्रा ठोकत जातो आणि ऐकतो. कुंभाराकडून माठ घेताना आपली आजी बोटाच्या पेराने वाजवून पाहायची ना, तसंच. चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला बसका बोलतो. डाव्या सिलवरून तो पुढून मागे गेला. टण, टण, टण. पट्ट्याच्या बोल्टपाशी थांबला, दिवा लावून शिवण पाहिली, काही बोलला नाही. बायको काचेपलीकडून बघत होती. मग तो उजव्या बाजूला गेला, जिच्याबद्दल मी निश्चिंत होतो, आणि मागच्या स्प्रिंगचा आधार जिथे बॉडीला जोडलेला असतो तिथे हातोडी टेकली.

आवाज बसका आला. त्याने पुन्हा ठोकलं, आणि तांबड्या भुकटीची एक बारीक धार त्याच्या बाहीवर पडली.

नापासाचा कागद खिशात घालून आम्ही निघालो. बायको पट्टा लावून डाव्या सीटवर बसली, पट्टा एकदा जोरात ओढून पाहिला आणि म्हणाली, "ही बाजू तर झाली." गाडी ओढून नेणाऱ्याचा ट्रक यायला अजून वीस मिनिटं होती, तोवर आम्ही तिथेच बसून राहिलो. पुढच्या शनिवारसाठी पुठ्ठा लागणार आहे.